खंडोबाची कुत्री

याकोबकाकांना चहा दिला की ते भरला कप डोळ्यांच्या वर धरून आधी त्याचं बूड वाचत. निम्मा चहा बाहीत जाई. "माल कुठला, ते खाली लिवल्यालं असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढून ते श्रीरामपुरात आमच्या शेजारी राहायला आले आणि जुन्या नाण्यांच्या नादी लागले. त्यातही रोमन, त्यातही तांब्या-काशाच्या, त्यातही उतरत्या काळातल्या. गंमत म्हणजे तसं नाणं त्यांच्याकडे एकही नव्हतं. कुठल्याशा पुस्तकाच्या फिकट झेरॉक्स होत्या. घरात दुसरं माणूस नसल्यामुळे त्या मला ऐकाव्या लागत.

गल्लीत पहिला एसटीडी बूथ आला, त्या वर्षीची गोष्ट. रविवारी आई चिंचेनं देव घासत होती आणि काका विरजण मागायला आले. खंडोबाच्या टाकाशेजारी नखाएवढी एक चकती होती, आजोबांनी रामेश्वरच्या यात्रेहून आणलेली. तिच्यावर झिजलेलं जनावर दिसे, म्हणून ती खंडोबाची कुत्री. चाळीस वर्षं तिला भंडारा, नैवेद्य. माझ्या जन्माचा नवससुद्धा तिलाच बोललेला. काकांनी चकती उचलली, जनावराच्या पायांखाली पाहिलं आणि विरजण विसरून फरशीवर बसले.

आठ दिवस त्यांनी आमचं घर सोडलं नाही. चकतीवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, भिंग लावायचं, झेरॉक्सशी ताडून पाहायचं. एकदा "सापडलं" म्हणून मला अंघोळीतून बाहेर काढलं. तो पेन्सिलीचा डाग निघाला. अखेर निकाल लागला. सोळाशे वर्षांपूर्वीचं नाणं. रोमच्या बादशहानं नवी राजधानी उभारली, तेव्हा जुन्या रोम शहराच्या मानासाठी पाडलेलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, म्हणजे खुद्द रोम. दुसऱ्या बाजूला लांडगीण, वर दोन चांदण्या, खाली टांकसाळीची अक्षरं. टांकसाळ अंत्युखियाची, म्हणजे थेट बायबलातली, हे काकांनी तीनदा सांगितलं.

आईचा चेहरा उतरला. "म्हंजी चाळीस वर्सं मी परक्याचा पैसा पुजला? मंग माझा नवस कुनी ऐकला?"

मला काकांचा भयंकर राग आला. नवसाचा म्हणून लहानपणापासून मिरवत होतो, तेही गेलं. वर आता ते नाणं मागणार, ही धास्ती.

काकांनी भिंग आईच्या हातात दिलं. "अक्का, पोटाखाली बघा. दोन पोरं हायेत. टाकून दिल्याली. ही लांडगीन त्यास्नी पाजतीय."

आई बराच वेळ बघत राहिली. "मंग देवाचीच हाय," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

काका नाणं देवघरात ठेवायला वाकले आणि तसेच थांबले. "मलाबी अशीच एकीनं पाजलं," ते म्हणाले. "आई बाळंतपनातच गेली. दवाखान्यात शेजारच्या खाटंवर पाथर्डीकडची एक बाई हुती. तिनं माझ्यासाठी तितंच मागं ऱ्हाऊन आपल्या लेकराबरोबर मला सा म्हैनं पाजलं. मंग गेली गावाला. तिचं नाव कुनी लिवून ठेवलं न्हाई, अक्का. लई इचारलं मी."

आईनं नाण्याला चिमूटभर भंडारा लावला आणि ते काकांच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

"पुढच्या रविवारपातूर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या तिला," ती म्हणाली. "लेकराकडं जाऊन यील."