नवरी खोली

बडोद्यात जन्म काढून एकदाही ‘चालशे’ न म्हणालेली बाई मी एकच पाहिली आहे, आणि ती माझी चुलतबहीण आहे.

आमच्या गावाची निम्मी कामं ‘चालशे’वर, म्हणजे ‘चालेल’वर, होतात. शिंप्याने बाही आखूड केली, चालशे. रिक्षा सुभानपुऱ्याऐवजी गोत्रीच्या नाक्यावर थांबली, चालशे. मी स्वतः माझ्याच साखरपुड्याला एका पायात काळा आणि दुसऱ्यात निळा मोजा घालून गेलो होतो. सासरे आधी मोज्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “चालशे.” ते कशाबद्दल म्हणाले हे मी आजवर विचारलेलं नाही.

सुमनताईचं मात्र एकच. “चालणार नाही.” फरसाणवाला माप कमी भरतो आणि म्हणतो, “बेन, पापडी थोडी ओछी छे, चालशे ने?” ताई म्हणते, “नही चाले,” आणि हाताची घडी घालून उभी राहते. मागे रांग वाढते. मी रांगेत असलो तर तिला ओळखत नाही.

ती गावाबाहेरच्या एका लहानशा विद्यापीठात मराठी शिकवते. लहानसं म्हणजे कुलगुरू माळ्याला आणि माळी कुलगुरूंना नावाने ओळखतो इतकं. तिथे मराठीच्या वाट्याला कॅन्टीनमागची एक खोली आली आहे. व्याकरणाच्या तासाला डाळवड्यांचा वास येतो आणि मुलांचं प्रयोगावरून लक्ष उडतं. छताला पंखा आहे, पण तो फिरत नसे. ताईने अर्जांवर अर्ज केले. प्रत्येकावर एकच शेरा आला, ‘ध्यानमां लीधुं छे,’ म्हणजे लक्षात घेतलं आहे. एप्रिलच्या एका दुपारी ती आपली सगळी मुलं घेऊन कुलसचिवांच्या एसी केबिनमध्ये शिरली, त्यांना म्हणाली, “तमे तमारुं काम करो,” आणि तिथेच समास शिकवायला लागली. कुलसचिव द्वंद्व समासापर्यंत टिकले. संध्याकाळी पंखा फिरत होता.

हे सगळं मला शिपाई रमणभाईंकडून कळलं. ते ताईला घाबरतात आणि तिच्या गोष्टी अभिमानाने सांगतात.

पुढे जागावाटपाची समिती आली. त्यांना ‘नवसर्जन केंद्र’ काढायचं होतं. तिथे काय सर्जन होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण खोली हवी होती. समितीतल्या एका गृहस्थांनी आत डोकावून वहीत टिपता टिपता म्हटलं, “आ ओरडी तो नवरी पडी छे.”

गुजरातीत ओरडी म्हणजे खोली आणि नवरी म्हणजे रिकामी, बिनकामाची. ताईला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ती शांतपणे म्हणाली, “नवरी आहे ना? मग वाजतगाजत न्यायला या. असं वही घेऊन कोणी नवरी नेत नाही.”

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं, उंबऱ्याबाहेर रांगोळी उमटली. अख्खं विद्यापीठ बघायला आलं. समिती आली नाही. पण परिपत्रक आलं: ज्या विषयाच्या परीक्षेला दहा विद्यार्थी बसणार नाहीत, तो विषय पुढच्या वर्षीपासून बंद आणि त्याची खोली जमा.

ताईकडे आठ होते.

“खोटी नावं घाल दोन,” मी सुचवलं. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करतो. आमच्याकडे नसलेल्या वस्तूही असतात.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाठ ताठ करून बसलो. “खरी माणसं बसतील,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गाला वयाची अट नाही, आणि तेही याच परीक्षेला बसतात. तू नववा.”

“अगं, मी बावन्न वर्षांचा आहे. आणि मला मराठी येतं!”

“लिहून दाखव.”

मी लिहिलं. माझी सगळी शाळा गुजराती माध्यमात झाली. ती लिपी बिनरेघेची, त्यामुळे मराठी लिहितानाही अक्षरांवर शिरोरेघ द्यायचं माझ्या हाताला सुचतच नाही. ताईने कागद धरला आणि म्हणाली, “विन्या, बिचारी उघड्यावर पडली आहेत रे. डोक्यावर छप्पर दे त्यांच्या.”

दहावे तिच्या शेजारचे हसमुखभाई. त्यांची सून पुण्याची. विहीणबाई फोनवर लेकीशी काय बोलतात ते त्यांना समजून घ्यायचं होतं. वर्गात त्यांचा पहिला नंबर येई, माझा दहावा. चाचणीत मला पंचवीसपैकी नऊ मिळाले. घरी बायकोने पालक म्हणून सही केली आणि खाली लिहिलं, ‘घरीही असंच आहे.’

पण गेलो. कारखाना सुटला की घामेजलेला तसाच जात होतो. ताई हजेरी घ्यायची आणि दहावा ‘हजर’ ऐकला की वही फट्दिशी मिटायची.

शेवटचा दिवस तोंडी परीक्षेचा. प्रत्येकी पाच मिनिटं. त्याच दिवशी कारखान्यात माल उतरवायचा राहिला आणि मी पोहोचलो तेव्हा नऊजण परीक्षा देऊन गेले होते. खोलीत ताई एकटीच, समोर हजेरीपत्रक, त्यावर नऊ सह्या.

“सही कर आधी. छपरासकट.”

मी केली. तिने पत्रक उचलून उजेडात धरलं. “दहा! आता येऊ दे म्हणावं समितीला.”

मग माझी परीक्षा. मी विभक्तीचे प्रत्यय पुटपुटत तयार बसलो. तिने विचारलं, “आज डब्यात काय होतं?”

“दोडक्याचं शाक.”

“भाजी. कशी केली होती? कूट घालून?”

“हो. आणि गूळ जरासा.”

“आई गूळ नाही घालायची.” काकू गेली त्याला वर्ष होत आलं होतं. ताई खडू बोटांत फिरवत राहिली. “दूधवाल्याशी गुजराती, बाईशी हिंदी, ऑफिसात इंग्लिश. परवा रविवारी अख्ख्या दिवसात मी मराठीत एक वाक्य बोलले. तेही मांजराशी. आणि ते मांजर हसमुखभाईंचं, त्याला काही कळलं नाही.”

ती हसली. मीही हसलो.

“नुसता हसतोस काय? गुण कापीन. बोल, पोळ्या कोणी लाटल्या?”

मी सांगितलं. मग मुलीच्या सर्दीचं सांगितलं, गॅलरीत कबुतराने अंडी घातली तेही सांगितलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. बाहेर कॅन्टीनची शटरं पडली. रमणभाईंनी किल्ल्या वाजवत दारातून डोकं घातलं. “बेन, टाइम थई गयो. ताळुं मारवुं छे.”

“परीक्षा चालू छे,” ताई कडाडली. रमणभाई बाहेर स्टुलावर जाऊन बसले.

ती माझ्याकडे वळली. “हं. मग दोडक्याच्या शिरांचं काय केलंत? चटणी, की टाकून दिल्या?”

मी खुर्ची पुढे ओढली. “थांब,” म्हटलं, “सगळं सांगतो.”