कावळ्यांची सहल आणि कोकिळादेवी जन्मस्थान स्मारक

हं, बसा सगळे. शेपट्या आत घ्या. एका जंगलात, म्हणजे जिथे अजून थोडी झाडे शिल्लक होती अशा एका जंगलात, जांभळीच्या शेंड्यावर एक घरटे होते.

ते आत्माराम कावळे आणि त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांनी बांधले होते. काटक्या त्यांच्या, कष्ट त्यांचे. मधली वाकडी तार आत्मारामांनी गावातल्या कुणाच्या तरी अंगणातून पळवली होती आणि तिच्यापायी पाठीत दगड खाल्ला होता.

एका वर्षी एका कोकिळेने, तिचा नवरा बाहेर कावळ्यांशी भांडत असताना, त्या घरट्यात गुपचूप आपले अंडे घातले आणि सगुणाबाईंचे अंडे ढकलून दिले. सगुणाबाईंना ते कळले नाही. त्यांनी ते पिल्लू आपले समजून वाढवले. स्वतः उपाशी राहून त्याला भरवले. पंख फुटल्यावर पिल्लू उडून गेले.

पुढे ते मोठे गवई झाले. जंगल त्याला कोकिळादेवी म्हणू लागले. देवींना 'वनभूषण' मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी एक समिती बसली. समिती बसली की कुणाला तरी उठावे लागते. इथे कावळे उठले.

घरट्यावर पाटी लागली: 'कोकिळादेवी जन्मस्थान स्मारक. येथे अंडी घालण्यास सक्त मनाई आहे.'

आत्माराम समितीचे अध्यक्ष बगळेसाहेब यांच्याकडे गेले.

"साहेब, ते घर आमचं आहे."

"होतं," बगळेसाहेब एका पायावर उभे राहून म्हणाले. "आता ते सगळ्यांचं आहे. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"वाटतोय की. पण आम्ही राहायचं कुठं?"

"कुठंही राहा. फक्त स्मारकाच्या आसपास नवं घरटं बांधू नका. शोभा जाते."

तेव्हापासून आत्माराम, सगुणाबाई आणि त्यांची लेक चंद्री बाभळीच्या एका उघड्या फांदीवर राहत होती. थंडीत ते निभावले. पण मग अंडी घालायचे दिवस आले. आता बाळांनो, पोटातले अंडे काही समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत नाही. आणि उघड्या फांदीवर घातले तर ते सरळ खाली जाते.

एका रविवारी सकाळी सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, आज घालावंच लागणार."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

"अगं, घरी जायचं कसं?"

"सगळे जातात तसं. तिकीट काढून. चंद्री, पंख विंचर. आपण सहलीला चाललोय."

तिकीट डोईला एक अळी, लहानांना अर्धी. दारावर घुबडमामा पहाऱ्याला होते. पहारा दिवसाचा होता, पण नेमणूक ज्येष्ठतेने झाली होती, त्यामुळे मामा गाढ झोपले होते. माहिती सांगायला साळुंकीबाई होत्या. त्यांनी आधी सगुणाबाईंच्या डब्यातली शिळी पोळी काढून घेतली, कारण बाहेरचे खाणे आत न्यायचे नसते.

आत शिरताच चंद्री ओरडली, "बाबा, हे तर आपलं घर!"

साळुंकीबाईंनी कौतुकाने मान डोलावली. "प्रत्येक मुलाला इथं असंच वाटतं. हेच आमच्या स्मारकाचं यश."

मग त्या पुढे सरकल्या. "ही पाहा तंबोऱ्याची तार. देवी लहानपणी हिच्यावर रियाज करायच्या."

आत्मारामांची पाठ उगाचच दुखू लागली.

"आणि हे देवींचं अंडं. म्हणजे नमुना आहे. नदीतला गोटा, पण कोरीव काम उत्तम."

"आणि देवींना वाढवलं कुणी?" सगुणाबाईंनी विचारले.

"होती एक कावळी. नाव कुठं सापडत नाही. आम्ही 'अज्ञात सेविका' असं लिहिलंय."

सगुणाबाईंना खूप लागले, मलाही सांगताना लागते आहे. पण अंडे अगदी दाराशी आले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

आत्मारामांनी घसा साफ केला. "अहो बाई, तंबोऱ्याची तार अशी वाकडी असते होय? कुणाला शेंड्या लावता?"

"समितीनं तपासलेली तार आहे ती!"

"समितीला तारेतलं काय कळतं? बोलवा तुमच्या साहेबांना! माझी अळी परत करा!"

असा काही कालवा त्यांनी केला की साळुंकीबाई भांडायला पार पुढच्या फांदीपर्यंत आल्या. तेवढ्यात सगुणाबाई दोरी ओलांडून आत गेल्या, गोटा ढकलला आणि घरट्यात बसल्या. गोटा घुबडमामांच्या डोक्यावर पडला. "उजाडलं का?" म्हणून मामा कूस बदलून झोपले. साळुंकीबाई परतल्या तेव्हा सगुणाबाई दोरीबाहेर उभ्या होत्या आणि गोट्याच्या जागी अंडे होते.

एकाने भांडायचे आणि दुसरीने अंडे घालायचे, ही युक्ती मुळात कोकिळांची, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग चांगल्या कुटुंबाकडून चार गोष्टी शिकू नयेत की काय?

दुसऱ्या दिवशी साळुंकीबाई धूळ झटकायला गेल्या तर अंडे खरे, आणि उन्हाने कोमट. त्यांनी बगळेसाहेबांना बोलावले. साहेबांनी मान लांब करून पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"हे देवींचं मूळ अंडं! ज्यातून देवी जन्मल्या ते!"

"पण साहेब," साळुंकीबाई चाचरल्या, "देवी त्यातून बाहेर आल्या ना? मग हे अख्खं कसं?"

"बाई, बातमी बाहेर गेलीय. आता अख्खंच असायला हवं."

अंडे जपायचे तर उबेत ठेवावे लागणार. समितीने एक जागा काढली: अंड्यावर बसण्यासाठी अज्ञात सेविका हवी. अर्ज एकच आला.

"अनुभव?" साहेबांनी विचारले.

"आहे थोडा," सगुणाबाई म्हणाल्या.

"या घराची माहिती आहे?"

"एकदा सहलीला आले होते."

अशा रीतीने सगुणाबाई आपल्याच घरात आपल्याच अंड्यावर नोकरीला लागल्या. आत्माराम चारा पुरवू लागले. चंद्री रोज 'अभ्यास दौरा' म्हणून आईला भेटू लागली.

स्मारकाच्या वाढदिवसाला खुद्द कोकिळादेवी आल्या. सगळे जंगल लोटले. बगळेसाहेब भाषणाला उभे राहिले आणि नेमके तेव्हाच अंडे फुटले. एक काळे, ओले पिल्लू बाहेर आले.

"आता ऐका!" साहेब थरथरत म्हणाले. "साक्षात देवींचा सूर!"

पिल्लाने चोच उघडली.

"काव!"

साहेबांनी वर उचललेला पाय तसाच राहिला. सगुणाबाईंनी पिल्लाला पंखाखाली घेतले. आता आपल्याला इथून हाकलणार आणि या वेळी पिल्लासकट, असे त्यांना वाटले.

कोकिळादेवी पुढे आल्या. त्यांनी पिल्लाकडे पाहिले. मग सगुणाबाईंकडे पाहिले, बराच वेळ.

सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "बारीक झालीस गं. जेवतेस ना वेळेवर?"

देवींनी मान खाली घातली. मग सभेकडे वळून त्या म्हणाल्या, "हाच तो सूर. मी पहिला ऐकलेला. याच्यापुढे माझं गाणं म्हणजे नुसती नक्कल."

त्या खरे बोलल्या की वेळ मारून नेली, मला माहीत नाही. पण मला त्या पहिल्यांदाच आवडल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्याला हे पूर्वीच वाटले होते, असे बगळेसाहेबांनी सांगितले. पिल्लाला पहिली शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच्या देखभालीसाठी कावळे कुटुंबाला त्या घरट्यात कायम राहायचा हुकूम झाला. जंगलातल्या कोकिळा आता सकाळी उठून 'काव' घोटतात. साळुंकीबाई शिकवणी घेतात. त्यांचा 'काव' जरा कच्चा आहे, पण बोलायचे कुणी?

तात्पर्य, आणि हे पाठ करून या: दुसऱ्याच्या घरात अंडे घालणाऱ्याचे स्मारक होते, आपल्या घरात घालणाऱ्याला मनाई होते. म्हणून शहाण्याने आपल्या घरावरचा हक्क कधी सांगू नये. तिथे नोकरी धरावी.