मंद कोठीदार आणि हंड्याएवढे घटिकापात्र

श्रीगणेशास व अखंड फिरत्या तबकडीस वंदन करून वर्तमान लिहिले जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, टेबलावरील पेटीत एक राज्य नांदत होते. आणि राज्याची कोठी, जीस बाहेरचे लोक हार्ड डिस्क म्हणत, ती वृद्ध चक्रोजीबाबा तबकडे यांचे स्वाधीन होती, आणि दरबार व कोठी यांमधील जाबसाल येसबा हरकारे करीत, त्यांचा हुद्दा ड्रायव्हर. आणि रिवाज ऐसा की, मागणी कोठीत जाताच घटिकापात्र, म्हणजे तळास बारीक भोक असलेली वाटी, पाण्यावर सोडावे, ते बुडेतो जिन्नस न आला तर येसबांनी हाक द्यावी, आणि हाक ऐकताच कोठीदाराने हातचे टाकून, उभे राहून मुजरा करावा. तिसऱ्या हाकेनेही जिन्नस न आला तर कोठीदार मयत समजून कोठीस कुलूप घालावे. ते समयी पेटीबाहेरील कुमुदताईंनी लेकीच्या बारशाचे चित्र मागितले. ते दुसरीकडे कोठेच नव्हते. राज्याचे महाराज, ज्यांस बाहेरचे लोक ऑपरेटिंग सिस्टिम म्हणत, त्यांची आज्ञा जाहली, येसबा धावले, पात्र सोडिले, आणि बाबांनी तबकडी फिरविली, कप्पा गाठिला, अक्षर पुसट, म्हणोन पुन्हा फिरविली, पुन्हा वाचिले, पाळण्याची दोरी दिसू लागली, आणि

हाक. मुजरा.

आणि बाबांनी तबकडी फिरविली, कप्पा गाठिला, अक्षर पुसट, म्हणोन पुन्हा फिरविली, पुन्हा वाचिले, दोरी दिसली, कुंची दिसू लागली, आणि

हाक. मुजरा.

मग येसबा कोठीच्या दाराशी येऊन कळवळून बोलिले, "बाबा, निजलात की काय? महाराज कुलूप मागवितात!"

"निजतो कसला, मेल्या! वाचावयास बसलो की तू ओरडतोस. मुजऱ्यास उठलो की बोट सुटते, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून."

"म्हणजे उशीर मी करितो?"

"मग काय शेजारचा पंखा करितो?"

येसबा तैसेच दरबारी गेले आणि अर्ज केला, "महाराज, पात्र बदलावे."

"आणि रिवाज?"

"रिवाज तोच. पात्र बुडाल्यावाचून हाक देणार नाही. भोकही तेच असो. पात्र मात्र हंड्याएवढे असो."

महाराज हसले, हंडा आणविला, आणि तोवर बाकी दरबाराने आपापली कामे करावी ऐसे फर्माविले. आणि हंडा हळूहळू भरू लागला, आणि आत तबकडी फिरे, थांबे, पुन्हा फिरे, आणि चित्र बाहेर आले तेव्हा हंडा गळ्यापर्यंत बुडाला होता, आणि येसबांनी दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरिले होते.

मग येसबांनी विनविले, "बाबा, सगळे जिन्नस नव्या कोठीत हलवू. सावकाश."

"मला दुसरे येते काय?" बाबा बोलिले, आणि तबकडी फिरविली.

एवंच, चित्र कुमुदताईंस पावले, बाबांचे दारी कुलूप आले नाही, आणि त्या राज्यात कोणास उशीर जाहला तर आजही आधी हंडा आणवितात.