कोरडं सील

शुक्रवारी सकाळी सर्जेराव सर अंबडच्या गॅरेजात गाडीखाली आडवे झाले, इंजिनाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून बाहेर आले आणि ते बोट त्यांनी बायकोपुढे, दैवशालाबाईंपुढे धरलं. बोट कोरडं होतं.

"बघ. तेलाचा एक थेंब न्हाई," ते म्हणाले.

गाडी आली होती क्लचसाठी. दैवशालाबाई महिनाभर बाजार समितीच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकत होत्या आणि त्यात क्लच प्लेट जळाली. शिकवणारे सरच होते. अडीअडचणीला असावा म्हणून डावा पाय कायम क्लचवर ठेवायचा, हा प्लेट जाळणारा धडा त्यांचाच. पण गॅरेजात त्यांनी तो कुणाला सांगितला नाही.

संघपाल मिस्त्री सरांचाच जुना विद्यार्थी. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर त्याने हात पुसत समजावून सांगितलं. इंजिनाचं तेल मागून बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबराचं एक गोल सील असतं. हे सील जुनं झालंय, रबर कडक पडलंय. आज गळत नाही, पण उद्या गळालं तर तेल नव्या क्लच प्लेटवर येईल, प्लेट वाया जाईल आणि पुन्हा हा सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आता उघडलंच आहे तर बदलून घ्यावं.

सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. पुराव्याशिवाय ते काही मानत नसत, आणि जे बिघडलं नाही ते उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. या नियमामुळे त्यांच्या घरातला पंखा अकरा वर्षांत उघडला गेला नव्हता आणि तो आता एकाच वेगाने फिरत असे. सील बदलायचं नाही, असा त्यांनी निकाल दिला.

दैवशालाबाई इतका वेळ टायरच्या ढिगावर बसून ऐकत होत्या. त्या अंगणवाडी चालवत. तीस पोरांचा कालवा शांतपणे ऐकायची त्यांना सवय होती. रविवारी माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, भावाच्या मुलीचा साखरपुडा होता आणि तिथवर गाडी स्वतः चालवत न्यायची, हे त्यांनी ठरवलं होतं. हे थोरले भाऊ कडूबा ते ऐकून फोनवर हसले होते. गाडी येते का बैल लावून आणायची, असं त्यांनी विचारलं होतं.

त्या उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही चालवताना गाडी बंद पडली तर लोक म्हणतेत, गाडी खराब व्हती. मी चालवताना पडली तर म्हणतेत, बाईनं मोडली. सीलाचं नाव कुणी घेणार न्हाई." मग संघपालकडे वळून म्हणाल्या, "काढा ते."

संघपालने सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. संघपालने सील काढलं.

कडक झालेलं रबर निघताना फाटलं. अंबडच्या दुकानातून आणलेलं नवं सील संघपाल बसवायला गेला, तर ते जरासं लहान निघालं. आता जुनं सील फाटलेलं, नवं बसत नाही, गिअरबॉक्स जमिनीवर आणि शुक्रवारची दुपार. सरांनी फाटलेलं सील उचलून बायकोपुढे धरलं. शेवटी न राहवून म्हणाले, की आता एसटीनेच जाऊ, त्यात कमीपणा काही नाही.

शनिवारी सकाळी दैवशालाबाई एसटीनेच गेल्या, पण जालन्याला. फाटकं सील त्यांनी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं होतं. पहिल्या दुकानदाराने मिस्त्रीला पाठवा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने मालक कुठे आहेत विचारलं. तिसऱ्याने न पाहताच एक सील पुढे केलं आणि सगळ्यांना हेच बसतं म्हणाला. बाईंनी चष्मा लावला, फाटक्या सीलवरचा पुसट नंबर बोट ठेवून वाचला, नव्यावरचा वाचला आणि ते परत सरकवलं. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मात्र रुमालातली ती वस्तू उजेडात धरली, आत गेला आणि तोच नंबर घेऊन आला. बाईंनी तो दोनदा वाचला. संध्याकाळी गाडी सुरू झाली.

रविवारी त्यांनी गाडी काढली. सर शेजारी बसून भोकरदनपर्यंत दर वळणाला आपल्या बाजूचा नसलेला ब्रेक दाबत होते. त्यापुढे ते दमले आणि झोपले. दैवशालाबाईंनी एकटीने दोन ट्रॅक्टर मागे टाकले, शेळ्यांना वाट दिली आणि बरोबर साडेअकराला गाडी मांडवापुढे, भावाच्या जीपशेजारी उभी केली.

सगळं घर बाहेर आलं. कडूबाभाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून आले, वाकले आणि एकदम खूश झाले. गाडीखाली थेंब थेंब गळत होतं.

"पाव्हणं, इंजिन फुटलं जणू," ते सरांना म्हणाले. "म्हणलं व्हतं मी. बाईच्या हाती गाडी म्हणजे..."

दैवशालाबाईंचा चेहरा उतरला. पाच दुकानं फिरून आणलेलं सील गळत होतं की काय, त्यांना कळेना. सरांनी मात्र इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी मातीत अंग टाकलं, गाडीखाली हात घातला, बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं.

"पाणी हाय. एसीचं," ते आतूनच म्हणाले. "सील बिलकुल कोरडं हाय." आणि तसेच मातीत आडवे पडून त्यांनी जमलेल्या पाहुण्यांना सील म्हणजे काय, ते कुठे असतं आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर ते बदलून घेणंच कसं शहाणपणाचं, हे पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, "मिस्त्री नको म्हणत व्हता. मीच बदलायला लावलं."

दैवशालाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एका वाक्यात खरं सांगितलं असतं. पण नवऱ्याच्या पाठीला लागलेली माती दिसली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "उठा आता. सदरा झटका."

तेवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं. कडूबाभाऊंची बायको प्रभावती, वीस वर्षं जीपमध्ये मागच्या सीटवर बसून हिंडलेली, नवीन शालूसकट स्टिअरिंगमागे जाऊन बसली होती आणि खाली वाकून पाहत होती.

"ताई, यातला क्लच कोणता?" तिने विचारलं.

कडूबाभाऊंनी हळूच खिशावर हात ठेवला आणि जीपची किल्ली आहे ना, ते चाचपून पाहिलं.