कोबॉलवाले तातेराव

कोबॉल ही जुनी संगणकभाषा येणारा माणूस पाहिजे, अशी जाहिरात जालन्याच्या कचरूलाल सेठनी नव्व्याण्णव साली तीनदा दिली. त्यांच्या बियाणे कंपनीकडे कुणी फिरकलं नाही. ती भाषा येणारे अमेरिकेत जाऊन बसले होते. एक तेवढी परतुरात, लेकराला मऊ भात भरवत बसली होती.

बेबीनंदा लग्नाआधी औरंगाबादेत दीड वर्ष कोबॉल शिकली होती. जाहिरात वाचून तिने आधी लेकराच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग सासऱ्यांना विचारलं.

"जाय की," तातेराव म्हणाले. "पन एकली न्हाई. मी येतो संगं."

परक्याच्या सुनेकडे मान वर करून बघायचं नाही, हा सेठचा रिवाज. सासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, हा बेबीनंदाच्या घरचा. सेठच्या ऑफिसात दोघंही अगदी रीतीने वागले आणि तिथंच घोटाळा झाला.

"बसा, तातेरावजी. सूनबाई लेकराला दवाखान्यात घेऊन आल्या वाटतं?"

तातेराव काही बोलणार, तोच लेकराने भोकाड पसरलं. सेठनी कागद पुढे सरकवला.

"हे कपाशीचं बियानं. मुदत पुढच्या मार्चपर्यंत. अन् मशीन म्हनतंय, शंभर साल पहिलेच संपली! एक थैली बाहेर सोडंना."

पदराआडून बेबीनंदा कुजबुजली, "मामंजी, सालाला दोनच आकडे ठेवलेत. शून्य-शून्य म्हंजे त्याला एकोणीसशे वाटतं."

तातेरावांनी तेच मोठ्या आवाजात सांगितलं. सेठ खुर्चीत सरळ झाले. दुसऱ्या प्रश्नाला तातेराव आधी खाकरले. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून विचार केला. चौथ्याला पदराची वाट न बघता म्हणाले, "जुन्या मशीनला दमानं घ्यावं लागतं, सेठ."

"बराबर! जुनी भाषा जुन्याच मानसाला येनार. आजकालच्या पोरांना काय येतं?"

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं, श्री. तातेराव यांच्या नावाने. बेबीनंदाने ते दोनदा वाचलं, उलटूनही पाहिलं.

"आजच जाऊन खरं काय ते सांगतो," म्हणत तातेराव गेले आणि संध्याकाळी मान खाली घालून आले. "सांगनारच व्हतो गं. पन सेठनी सोता खुर्ची पुसून देली."

मग रोज असंच. बेबीनंदा वहीत ओळी लिहायची, तातेराव सकाळच्या गाडीने वही न्यायचे आणि तिथला ऑपरेटर त्या ओळी मशीनमध्ये टाकायचा.

"टिंब सुटलं न्हाई ना, मामंजी? एक सुटलं तरी सगळं बंद पडतं."

लेकराला दात येत होते, पण तिला रात्रंदिवस त्या टिंबांची काळजी.

दीड महिन्याने मशीनने थैल्या सोडल्या. तातेराव पेढे घेऊन आले.

"सेठ लई खूश! म्हनले, दुसरं बी मशीन हाय. कोबॉल येनारं आजून कुनी आसंल तर सांगा."

बेबीनंदाचा हात थांबला. "मंग?"

"मंग मी म्हनलो, हाय एक. माज्याहून लई हुशार."

"खरंच म्हनलात?"

"बिलकुल! सेठ म्हनले, उद्याच धाडा."

लेकराला शेजारच्या सगुणाबाईकडे ठेवायचं, दूध उकळून द्यायचं, औषधाची बाटली दाखवून ठेवायची. एका क्षणात बेबीनंदाचं मनातल्या मनात सगळं ठरून गेलं.

"पन म्या साफ सांगून टाकलं," तिच्या डोक्यावर मायेने हात ठेवत तातेराव म्हणाले, "त्याला न्हाई जमायचं, सेठ. लेकरू बारीक हाय त्याचं."