‘सोडा’ म्हणायचं नाही

दहाला पंचवीस मिनिटं कमी असताना लिफ्टमिस्त्रीच्या बायकोचा फोन आला. "मला निघता येत नाहीये. दुसरी नर्स आलीच नाही, अख्खा वॉर्ड माझ्या गळ्यात."

"अगं, मग डोलकाठी कुणाबरोबर उभी करू?"

"आईला पाठवलंय. पोचेलच."

"आईंना? अगं, ही शर्यतीची नाव आहे, भाजीची पिशवी नाही."

"हे तिला सांगू का?"

मिस्त्रीने फोन ठेवला.

त्याची नाव म्हणजे कॅटामरान. दोन अरुंद, लांबट होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या आणि मध्ये ताणून बसवलेली जाळी. हलकी, वारा प्यायलेली. पण ती पळायच्या आधी तिच्यावर पंचवीस फुटांची डोलकाठी उभी करावी लागते, आणि ती एकट्याच्या बापाला उभी होत नाही. एकाने जाळीवर उभं राहून काठी खांद्याने रेटायची, दुसऱ्याने पुढून दोर ओढायचा. बाजूच्या दोन तारा आधीच लावलेल्या असतात. काठी सरळ झाली की तिसरी तार नावेच्या नाकाशी पिनेने अडकवली, झालं. काम पाच मिनिटांचं. माणसं दोन, आणि त्या दोघांना एकमेकांवर ओरडता आलं पाहिजे.

त्या दिवशी काठी उभी होणं म्हणजे चैन नव्हती. लागोपाठ तीन शर्यती चुकल्या की किनाऱ्यावरची जागा जाते, असा क्लबाचा नियम. मिस्त्रीच्या दोन चुकल्या होत्या. एकदा सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये पाच माणसं अडकली होती. त्यांना तिथेच टांगून शर्यतीला यावं, असं क्लबाच्या सचिवांचं म्हणणं. दुसऱ्यांदा बायको तापाने फणफणली होती. तिसरी चुकली की अकरा वर्षांची जागा सचिवांच्या मेहुण्याला मिळणार होती. मेहुण्याची करकरीत नवी नाव आजच्याच शर्यतीत नोंद करून शेजारीच येऊन पडली होती. लग्न ठरायच्या आधीच नवरदेव दारात येऊन बसावा, तशी.

सासूबाई आल्या त्या कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. त्यांच्या रस्सीखेचीच्या संघाला हरवायला दुसऱ्या शाळांनी फक्त बैल आणायचे बाकी होते. पण जावयापुढे कवायतीचा तो आवाज कधी निघाला नव्हता. एकोणीस वर्षं "जावईबापू, घ्या ना" आणि "आई, तुम्ही आधी" यापलीकडे दोघांची गाडी गेली नव्हती.

"आई, तुम्हाला त्रास..."

"छे हो जावईबापू. काय करायचं ते सांगा."

त्याने दोर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः जाळीवर चढला. मागे, काठीचं टोक जिथे तिवईवर टेकलं होतं त्याच्या जरा बाजूला, सचिवांनी मुद्दाम आपली खुर्ची आणून मांडली होती. तमाशा पुढच्या रांगेतून बघायचा होता ना! मेहुणा आणि त्याचे दोन साथीदार कमरेवर हात ठेवून उभे होते.

"अहो, तुमची काठी लावून घ्या की," कुणीतरी त्यांना म्हणालं.

"आमचं काय, दोन मिनिटांचं काम. ही गंमत परत कुठे बघायला मिळणार?"

नावं ठेवायला अख्खा किनारा गोळा झाला होता. नाव उभी करायला एक म्हातारी.

मिस्त्रीने काठी खांद्यावर घेतली. "आई, आता जरा ओढता का?"

"ओढू?"

"हो, म्हणजे तुम्हाला जमेल तसं."

"जास्त होतंय का?"

"नाही नाही, छान ओढताय. फक्त, राग मानू नका, किंचित डावीकडे सरकलात तर..."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

या सभ्यतेत काठी कशीबशी अर्ध्यावर आली.  तेवढ्यात सचिव खुर्चीतून उठले आणि नीट ऐकू जावं म्हणून चार पावलं पुढे आले.

"मिस्त्री, लोकांना वर नेता, एक काठी वर जाईना? आणि मदतीला काय, वृद्धाश्रम आणलात?"

सासूबाईंची मान गर्रकन वळली. मिस्त्रीला वाटलं, आता भांडण जुंपणार. तो घाईघाईने म्हणाला, "सोडा हो आई!"

त्याला म्हणायचं होतं, जाऊ द्या. पण रस्सीखेचीत ‘सोडा’ म्हणजे सोडा. एकतीस वर्षांची सवय; शब्द कानात शिरला आणि दहाही बोटं उघडली.

मिस्त्रीने जाळीवरून बेडकासारखी उडी मारली. काठी तिरपी होत मागे गेली, तिवईला चुकवून थेट सचिवांच्या खुर्चीवर कोसळली. खुर्चीचे दोन तुकडे झाले. निवडणुकीमागून निवडणुका झाल्या, अर्ज झाले, सह्यांची पत्रं झाली. सचिवांची खुर्ची कुणाला हलवता आली नव्हती. ती एका सासूने एका शब्दावर मोडली. गर्दीतून कुणीतरी टाळीच वाजवली.

"बाद!" सचिव किंचाळले. "क्लबाच्या मालमत्तेचं नुकसान! ही नाव बाद!"

"कुठे लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय ते ऐकू आलं. लिहिलंय कुठे?"

क्लबाच्या भिंतीवरच्या फळ्यावर लाल रंगात लिहिलेला नियम त्यांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचला. "‘दहाची शिट्टी वाजेल तेव्हा जिची डोलकाठी उभी, ती नाव शर्यतीत. जिची आडवी, ती बाद. सबब चालणार नाही.’ खाली सही तुमचीच ना? यात खुर्चीचं नाव नाही. किती वाजले?"

दहाला सहा मिनिटं होती. मिस्त्रीने काठी तपासली. काठीला ओरखडाही नव्हता. पण त्याचं अवसान गळालं होतं. "आई, चूक माझीच. जाऊ द्या आता. जागा गेली तर गेली."

सासूबाईंनी पडलेला दोर उचलला. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"नाही, विचारा ना."

"तुम्हाला अरे-तुरे केलं तर चालेल का? काठी उभी होईपर्यंतच."

"चालेल की."

"मग खांदा लाव, गाढवा! जागा गेली तर गेली म्हणे! तुझ्या बापाने दिली होती का ती जागा? कमरेत वाकू नको, गुडघ्यात वाक! आणि ‘सोडा’ हा शब्द तोंडातून काढलास तर हाच दोर तुझ्या गळ्यात घालीन. मी ‘हुप्प’ म्हटलं की रेटायचं. हुप्प!"

किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. मिस्त्रीच्या पायात कुठून बळ आलं देव जाणे.

"हुप्प! बघतोस काय तिकडे, तो काय तुझा सासरा आहे? हुप्प! डावीकडे रेट, डावीकडे! जेवतोस त्या हाताने नाही, दुसऱ्या! हुप्प!"

"ओढ ना गं जोरात!" मिस्त्री ओरडला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याने जीभ चावली.

"ओढतेय! तू बोलू नको, रेट! हुप्प!"

काठी सरळ झाली. मिस्त्रीने खाली उडी मारून तार नाकाशी आणली, पिन घालायला गेला, आणि घामेजल्या बोटांतून पिन वाळूत पडली. तो गुडघ्यांवर बसून वाळू उकरू लागला. सासूबाई टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकून, दोर धरून उभ्या होत्या. दोर तळहातांत रुतत होता. काठी मात्र जागची हलत नव्हती.

सचिवांनी घड्याळ पाहिलं. "बांधलेली नाही!" ते विजयाने म्हणाले. गालफडं फुगवून त्यांनी कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजवली. "दहा वाजले! बाद!"

"फळ्यावर ‘बांधलेली’ कुठे आहे?" सासूबाई दात आवळून म्हणाल्या. "‘उभी’ लिहिलंय. ही उभी आहे की निजलीय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. काठी उभी होती. मिस्त्रीला पिन सापडली. त्याने ती खटकन बसवली. आता कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. रांगेत एकच काठी आडवी होती. मेहुण्याची. दोन मिनिटांचं काम गंमत बघण्यात राहून गेलं होतं.

सचिवांनी शिट्टी खिशात घातली. चेहरा धुतल्यासारखा मऊ झाला. "हे बघा बाई, आपण सगळे एकाच क्लबातले. दोनेक मिनिटं इकडे-तिकडे, काय बिघडतं?"

"मिनिटं माझ्याकडे काय मागता?" तळहातांवरचे लाल वळ चोळत सासूबाई म्हणाल्या. "शिट्टी तुमच्या तोंडात होती."

मिस्त्रीने शीड चढवलं आणि नाव पाण्याकडे वळवली. मग भानावर येऊन, नेहमीच्या अदबीने म्हणाला, "आई, तुम्ही घरी जाऊन आराम केलात तरी चालेल. वाऱ्यात त्रास होईल तुम्हाला."

सासूबाई जाळीवर चढून केव्हाच ऐसपैस बसल्या होत्या.

"ढकल," त्या म्हणाल्या.