अप्पांची आडवी डोलकाठी

आभाळात तळहाताएवढा ढग दिसला, की आमचे शेजारी अप्पा जोगळेकर आपल्या बिनतारी यंत्राला जोडलेली तार उपटत, तिचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालत आणि पाटावर पाय घेऊन बसत. काचेपुढे विजेचं काही चालत नाही म्हणे. "जोखीम नको, मास्तर," ते मला सांगत.

अप्पा निवृत्त तारमास्तर, मी शाळामास्तर. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. श्रीवर्धनात आमच्या आळीत दिवे कंदिलाचे, पण अप्पांनी सरकारी परवाना काढून मोटारीच्या बॅटरीवर चालणारं बिनतारी यंत्र स्वतः जोडलं होतं. त्यावर तारेच्या लिपीत कट्ट-कडकट्ट करत ते परमुलखातल्या हौशी मंडळींशी बोलत.

घोडं अडलं होतं एरियलपाशी. एरियल जितकी उंच तितकी हाक लांब जाते, हे त्यांनीच मला शिकवलं. आणि स्वतःची तार मात्र दोन पोफळींमध्ये पुरुषभर उंचीवर! आमची ही तिच्यावर लुगडी वाळत घाली. वर शेंड्याला बांधावी, तर सुपारी काढणारा गडी झोका घेत एका पोफळीवरून दुसरीवर जातो. त्याच्या गळ्याला तार लागली तर? त्या गळ्याच्या काळजीने अप्पांना जेवण जाईना. शेवटी पोशा कोळ्याकडून होडीची जुनी डोलकाठी आणली. ती उभी केली तर विजेला आवतणच, म्हणून वर्षभर वाडीत आडवी पडून होती.

रोज दुपारी चारला ते कोलंबोच्या परेराशी बोलत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. वैशाख संपता संपता एके दिवशी अप्पा उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"तीन दिवस परेरा मला हाका मारतोय. मला ऐकू येतंय, मी उत्तरही देतोय. पण हवा फिरलीय, आता त्याला पोचत नाही हो."

चौथ्या दिवशी दुपारी समुद्रावर काळंकुट्ट भरून आलं. गडगडायला लागलं. नेमकं तेव्हा अप्पांनी मला आणि पोशाला बोलावलं. "काठी उभी करा."

"आप्पा, आभाल बगा," पोशा म्हणाला. "आज न्हाय. उद्या करू."

"बघितलंय. धर."

एक दोर त्यांनी माझ्या हातात दिला. दोर ओढताना मी सारखा वर पाहत होतो आणि बायकोला काही न सांगता आलो याचा पश्चात्ताप करत होतो. काठी उभी राहिली, तार वर चढली. पोशा दोर बांधून घराकडे पळालाच.

चार वाजले. अप्पा यंत्रापुढे बसले. खाडीपलीकडे वीज कोसळली तसे ते खुर्चीतच उडाले, पण बोटं तारेच्या खटक्यावरून हलली नाहीत.

"अप्पा, पुरे. तार काढा," मी अक्षरशः हात जोडले.

तेवढ्यात पलीकडून कट्ट-कट्ट आलं. बराच वेळ येत राहिलं. अप्पा ऐकत होते. मग त्यांनी अगदी थोडंसं वाजवलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेवढंच वाजवलं.

"काय म्हणतो?"

"चार दिवसांपूर्वी त्याची बायको गेली. घरात दुसरं कोणी नाही. तिच्याबद्दल सांगतोय."

"आणि तुम्ही काय सांगताय?"

"ऐकतोय, एवढंच."

माडांवर लख्ख उजेड पडला. अप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा तेवढंच वाजवलं.